होम ऑफिसवर लक्ष कोण ठेवतं, आणि त्याला काढून टाकलं की काय होतं

नाशिकच्या एका तरुणाने विचारलंय, थोडक्यात असं: ताई केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडला गेली, एजंटने १४ लाख घेतले, तिथे पोचल्यावर आठवड्याला धड दहा तास काम नाही, आणि आता कंपनीचं स्पॉन्सर लायसन्सच, म्हणजे परदेशी कामगार आणायची सरकारी परवानगीच, रद्द झालीय. तिकडे इमिग्रेशनवर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र चीफ इन्स्पेक्टर असतो म्हणे, त्याच्याकडे तक्रार केली तर न्याय मिळेल का? आणि त्यालाच सरकारने काढून टाकलं असं वाचलं, मग त्या पदाचा उपयोग तरी काय?

मी मूळचा सांगलीचा, गेली १९ वर्षं लेस्टरमधे रजिस्टर्ड इमिग्रेशन ॲडव्हायजर म्हणून काम करतोय. तुमच्या ताईसारख्या मुली गेल्या तीनचार वर्षांत माझ्यासमोर इतक्या बसून गेल्यात की हा प्रश्न मला रोजचाच आहे. सरळ उत्तर आधी देतो. चीफ इन्स्पेक्टरकडे ताईची वैयक्तिक तक्रार चालणार नाही, कायद्यानेच त्यांचं काम ते नाही. ताईसाठी दारं दुसरी आहेत, ती खाली सांगतो. पण "उपयोग काय" या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या ताईचं जे झालं ते कसं होऊ शकलं हे पूर्ण आकड्यांसकट ज्याने लिहून काढलं तो हाच माणूस.

आधी पद काय आहे ते. २००७ च्या यूके बॉर्डर्स ॲक्टमधे सीमा आणि इमिग्रेशनचा स्वतंत्र चीफ इन्स्पेक्टर नेमायची तरतूद झाली. व्हिसा, आश्रय, विमानतळावरची तपासणी, डिपोर्टेशन, सगळं होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, ज्या पद्धतीने करतं ते आत शिरून तपासायचं आणि गृहमंत्र्यांना रिपोर्ट द्यायचा. ऑफिस लहान, तिसेक माणसं, आणि तीही होम ऑफिसच्याच पगारावर, पैसाही होम ऑफिसच देतं. आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून लगेच वाटतं की मग स्वतंत्र कसलं. बरोबर वाटतं. इथे स्वातंत्र्य कागदावर कमी आणि त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कण्यात जास्त आहे, म्हणून ही माणसं कुठून येतात ते बघण्यासारखं आहे.

पहिले जॉन व्हाइन, २००८ पासून २०१४ पर्यंत. स्कॉटलंडमधल्या टेसाइड पोलिसांचे प्रमुख होते, म्हणजे आयुष्य पोलिसात गेलेलं, फाईल कुठे दडवतात हे माहीत असलेला माणूस. २०१२ च्या रिपोर्टमधे त्यांनी लिव्हरपूलच्या ऑफिसातली एक खोली दाखवली. वर्षानुवर्षं भिजत पडलेल्या जुन्या आश्रयाच्या केसेस तिथे होत्या, आणि त्या खोलीत पत्रांचे १५० च्या वर खोके न उघडता पडून होते. अर्जदारांची पत्रं, त्यांच्या वकिलांची, आणि खासदारांचीसुद्धा. आता विचार करा, त्यातल्या एकेका पाकिटात कुणीतरी मुलाच्या जन्माचा दाखला पाठवला असेल, कुणी नवीन पत्ता कळवला असेल, कुणी फक्त "माझ्या केसचं काय झालं" इतकंच विचारलं असेल. मी तेव्हा माझ्या क्लायंटना सांगायचो की पत्र पाठवलंय, उत्तर येईल, थांबा. तो रिपोर्ट वाचल्यावर मी तसं सांगणं बंद केलं, प्रत्येक पत्र रेकॉर्डेड पोस्टाने आणि तीन आठवड्यांनी आठवण, तेव्हापासून आजतागायत. एकाही क्लायंटची केस त्या रिपोर्टने सुटली नाही, पण माझ्यासारख्या शेकडो लोकांची कामाची पद्धत त्याने बदलली, आणि संसदेत होम ऑफिसला उत्तर द्यावं लागलं ते वेगळंच.

एक मेख मात्र तिथेच रोवली गेली. सुरुवातीला व्हाइन रिपोर्ट स्वतःच प्रसिद्ध करायचे. २०१४ पासून गृहमंत्र्यांनी, तेव्हा थेरेसा मे होत्या, ते आपल्या हातात घेतलं, म्हणजे रिपोर्ट कधी बाहेर येणार ते मंत्री ठरवणार. आठ आठवड्यांत छापू असं वचन, पण ते वचनच, कायद्यात मुदत नाही. व्हाइननी त्यावर उघड नाराजी दाखवली होती. आपल्याकडे कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात, चर्चेला वेळच उरत नाही, हे महाराष्ट्रात पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहितीये. तोच प्रकार समजा. फरक एवढाच की कॅगला पदावरून काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखी संसदेतली प्रक्रिया लागते, आणि इथल्या चीफ इन्स्पेक्टरला मंत्र्याचा विश्वास उडाला एवढंच पुरतं.

व्हाइननंतर डेव्हिड बोल्ट, २०१५ ते २०२१, शांत स्वभावाचे, भरपूर रिपोर्ट काढले. आणि मार्च २०२१ मधे आले डेव्हिड नील, तुम्ही ज्यांच्याबद्दल वाचलंत ते. हा माणूस सैन्यातला, रॉयल मिलिटरी पोलिसमधे उभी कारकीर्द, लष्करी पोलिसांच्या ब्रिगेडचे प्रमुख होते. सैन्यातल्या पोलिसाला आपल्याच माणसांची चौकशी करायची सवय असते, वरिष्ठांना न आवडणारं लिहायची सवय असते.

ऑक्टोबर २०२२ मधे ते केंटमधल्या मॅन्स्टनला गेले. छोट्या बोटींतून फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांना फक्त नोंदणीपुरतं, जेमतेम २४ तास ठेवायची ती जागा, क्षमता १,६००. त्या महिन्याच्या शेवटी तिथे सुमारे ४,००० माणसं कोंबलेली होती. नील एका अफगाण कुटुंबाला भेटले, ते एका मांडवात, जमिनीवर चटया टाकून ३२ दिवस राहत होते. चोवीस तासांची जागा आणि बत्तीस दिवस. दोनच दिवसांनी संसदेच्या गृह समितीपुढे त्यांची साक्ष होती, रिपोर्ट लिहून, पाठवून, आठ आठवडे वाट बघून उपयोग नव्हता हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी तिथेच तोंडी सांगून टाकलं की हे बघून मला बोलायला शब्द सुचले नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत मॅन्स्टन रिकामं करावं लागलं. माझ्या मते या पदाच्या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाचं काम ते आहे, आणि ते लेखी रिपोर्टने नाही, समितीपुढच्या एका वाक्याने झालं.

आता तुमच्या ताईचा विषय. १५ फेब्रुवारी २०२२ ला ब्रिटनने केअर वर्करना वर्क व्हिसा खुला केला, कोविडनंतर वृद्धाश्रमांत माणसं नव्हती. दार उघडलं आणि केरळ, पंजाबपासून आपल्या नाशिक, कोल्हापूर, नागपूरपर्यंत एजंटांचं पेवच फुटलं. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, ज्याला सगळे सीओएस म्हणतात, ते कंपनीने कामगाराला द्यायचं असतं, ते विकायची वस्तूच नाही. पण ते विकलं गेलं, १० लाख, १५ लाख, कुणी शेत गहाण टाकून घेतलं. नील आणि त्यांच्या टीमने २०२३ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधे हीच व्यवस्था तपासली. त्यांना काय सापडलं? अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमच्या नावाने २७५ सीओएस दिले गेले होते. दुसऱ्या एका कंपनीने लायसन्स घेताना आमच्याकडे चार माणसं कामाला आहेत असं लिहिलं होतं, तिला १,२३४ सीओएस मिळाले. आणि हे सगळं तपासायला होम ऑफिसकडे लायसन्सवाल्या दर १,६०० मालकांमागे एक अधिकारी. पाणी कुठे मुरतंय ते याहून स्पष्ट कोण सांगणार.

मला त्यातला चार माणसांचा आकडा विसरता येत नाही कारण तेव्हाच माझ्याकडे सातारा जिल्ह्यातली एक मुलगी आली होती. तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून सगळे कागद टेबलावर एकेक करून मांडले, अगदी शिस्तीत. सीओएसवर आठवड्याला ३९ तास. पगाराच्या स्लिपवर महिन्याचे मिळून ११ तास. आणि एजंटची पावती म्हणजे वहीतलं फाडलेलं पान, त्यावर एक रबरी शिक्का, नुसतं "ओव्हरसीज सर्व्हिसेस", ना नाव ना पत्ता, आणि शाईने लिहिलेली रक्कम. ती मला म्हणाली, "सर, सरकारनेच लायसन्स दिलंय ना कंपनीला, मग कंपनी खोटी कशी असेल?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. रिपोर्ट आला तेव्हा मिळालं.

पण तो आला कधी? नीलनी दिलेले तब्बल १५ रिपोर्ट होम ऑफिसमधे पडून होते. त्यांची मुदत २१ मार्च २०२४ ला संपत होती, दुसऱ्यांदा नेमणूक नाकारली होती. फेब्रुवारीत त्यांनी खासगी जेट विमानांच्या प्रवाशांची नीट तपासणी होत नसल्याची माहिती वर्तमानपत्राला दिली, आणि २० फेब्रुवारीला गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्लींनी त्यांना काढलं. सरकारचं म्हणणं होतं की गोपनीय माहिती परस्पर फोडली, नेमणुकीच्या अटी मोडल्या. नीलचं म्हणणं होतं की कायद्याने सांगितलेलं कामच मी करत होतो. मी दोन्ही बाजू समजून घेतो, अप्रकाशित माहिती पेपरला देणं ही साधी गोष्ट नाही आणि शिस्तीत वाढलेल्या माणसाने ती विचार न करता केली असेल असं मला वाटत नाही. पण रिपोर्ट द्यायचे आणि ते मंत्र्याच्या कपाटात जायचे, हे एक वर्ष, दोन वर्षं चालल्यावर माणसाने करायचं काय?

काढल्यावर नऊ दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, होम ऑफिसने एकाच दिवशी १३ रिपोर्ट बाहेर काढले. त्याच दिवशी लंडनच्या सारा एव्हरार्ड खून प्रकरणातल्या पोलिसाबद्दलचा मोठा चौकशी अहवालही आला होता, सगळी वर्तमानपत्रं त्याने भरली होती. केअर व्हिसाचा रिपोर्ट त्यातही नव्हता, तो आणखी महिन्याने, मार्चच्या शेवटी आला. तोपर्यंत ११ मार्चपासून केअर वर्करना नवरा-बायको-मुलं आणायची बंदी लागूही झाली होती. म्हणजे चूक कुठे होती हे लोकांपुढे यायच्या आधीच शिक्षा कामगारांना झाली. यावर मला अजूनही राग येतो आणि तो मी लपवत नाही.

अजून एक बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. कायद्याने अधिकार चीफ इन्स्पेक्टर या व्यक्तीला दिलेत, ऑफिसला नाही. व्यक्ती गेली की टीम जागेवर असूनही गाडा अडतो. जूनमधे डेव्हिड बोल्टना तात्पुरतं परत बोलावलं तोपर्यंत खुर्ची रिकामी होती, आणि तो काळ आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायच्या योजनेचा, निवडणुकीच्या तोंडावरचा, म्हणजे नेमकं लक्ष ठेवायची गरज असलेला.

हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. विंडरश प्रकरणात, म्हणजे १९४८ नंतर कॅरिबियनमधून कायदेशीर आलेल्या लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदेशीर ठरवलं गेलं त्यावर, वेंडी विल्यम्स यांचा अहवाल मार्च २०२० मधे आला, ३० शिफारशी. त्यातली दहावी हीच होती की चीफ इन्स्पेक्टरचे अधिकार वाढवायचा विचार करा, आणि नववी, स्थलांतरितांसाठी वेगळा कमिशनर नेमा. सरकारने आधी सगळ्या मान्य केल्या आणि जानेवारी २०२३ मधे या दोन आणि आणखी एक सोडून दिल्या. जून २०२४ मधे हायकोर्टाने या दोन सोडणं बेकायदेशीर ठरवलं. तरी पुन्हा सांगतो, रिपोर्ट छापायची तारीख आजही ज्याची तपासणी झाली त्याच्याच हातात आहे. ही एक गोष्ट बदलली, नुसती "आठ आठवड्यांनी इन्स्पेक्टर स्वतः छापेल" अशी एक ओळ कायद्यात आली, तर बाकीच्या अर्ध्या तक्रारी मिटतील असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरा पहारेकरी, जो ताईच्या जास्त उपयोगाचा आहे आणि ज्याच्याबद्दल आपल्या लोकांना जवळजवळ काहीच माहीत नसतं. ब्रिटनमधे पैसे घेऊन किंवा फुकटसुद्धा, कुणीही उठून इमिग्रेशनचा सल्ला देऊ शकत नाही, तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टने त्यासाठी इमिग्रेशन सर्व्हिसेस कमिशनर हे पद केलं, त्याच्या ऑफिसला आम्ही ओआयएससी म्हणायचो, जानेवारी २०२५ पासून नाव बदलून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी झालंय. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर त्यांच्या त्यांच्या संस्थांखाली येतात, बाकी माझ्यासारखे सगळे इथे रजिस्टर, तीन पातळ्या: पहिलीवाला साधे अर्ज भरून देऊ शकतो, दुसरीवाला अडलेल्या केसेस चालवतो, तिसरीवाला ट्रिब्युनलमधे, म्हणजे इमिग्रेशनच्या अपिलांच्या कोर्टात, उभा राहू शकतो. या पदावरही वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक बसलेत. सुझॅन मॅकार्थी दहा वर्षं होत्या, त्याआधी त्या फर्टिलिटी क्लिनिकवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांच्यानंतर काही वर्षांनी आलेले जॉन टकेट यांनाच पुढे २०२५ मधे सरकारने चीफ इन्स्पेक्टरच्या खुर्चीसाठी निवडलं, म्हणजे आम्हा सल्लागारांवर लक्ष ठेवणारा माणूस होम ऑफिसवर लक्ष ठेवायला.

ही देखरेख कशी असते ते आतून सांगतो. माझ्या ऑफिसात त्यांची तपासणी आली तेव्हा बाई सकाळी येऊन बसल्या, माझ्या यादीतून स्वतःच्या मनाने फायली निवडल्या, मी पुढे केलेल्या नाही. प्रत्येक फाईलमधे बघितलं: पहिल्या दिवशी क्लायंटला फी किती आणि काय काम करणार हे लेखी दिलं का, शक्यता कमी असेल तर तसं स्पष्ट लिहिलंय का, पैशाची पावती आहे का, प्रत्येक फोनची नोंद आहे का. एका फाईलमधे एका फोनची नोंद नव्हती. त्यावर लेखी शेरा आला, सुधारणा केल्याचं लेखी कळवावं लागलं. एका फोनवर एवढं! पण त्यामुळेच माझ्याकडच्या क्लायंटला पावतीऐवजी वहीतलं पान कधी मिळत नाही.

अडचण ही की या ऑथॉरिटीचा हात ब्रिटनच्या हद्दीपर्यंतच. नाशिकमधे कॉलेज रोडवर ऑफिस थाटून बसलेल्या एजंटपर्यंत तो पोचत नाही. त्याच्यासाठी आपला १९८३ चा एमिग्रेशन ॲक्ट आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे रजिस्ट्रेशन लागतंच, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधून बघता येतं, आणि रजिस्टर्ड एजंटलाही सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढाच घेता येतो. तीस हजार, १४ लाख नाही. तेव्हा भारतातली तक्रार मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याकडे, आणि सोबत पोलिसात फसवणुकीची. गुगल पे, बँक ट्रान्सफर, व्हॉट्सॲपचे मेसेज, सगळं आत्ताच सेव्ह करून ठेवा, एजंट पहिली गोष्ट करतो ती नंबर बदलायची.

गोव्याच्या वाचकांसाठी एक थोडक्यात, कारण स्विंडन, साउथॉल आणि आमच्या लेस्टरमधेही पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोंयकार कुटुंबं भरपूर आहेत. ब्रेक्झिटनंतर त्यांच्या हक्कांसाठी तिसरीच एक स्वतंत्र संस्था आहे, स्वॉन्झीमधली इंडिपेंडंट मॉनिटरिंग ऑथॉरिटी. तिने होम ऑफिसला चक्क कोर्टात खेचलं आणि डिसेंबर २०२२ मधे जिंकली: प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटआधी आलेल्या युरोपियन नागरिकांना मिळालेला पाच वर्षांचा राहायचा हक्क, असलेल्याने पाच वर्षांनी दुसरा अर्ज केला नाही एवढ्याच कारणाने त्याचा हक्क जात नाही. या संस्थेला कोर्टात जायचा अधिकार आहे, चीफ इन्स्पेक्टरला तो नाही. अधिकार हातात असला की काय करता येतं त्याचं हे उदाहरण.

आता ताईने काय करायचं. कंपनीचं लायसन्स गेलं की व्हिसा आपोआप त्या दिवशी संपत नाही. होम ऑफिसचं व्हिसाची मुदत कमी करत असल्याचं पत्र येतं, बहुतेक ईमेलवर, स्पॅममधेही बघा, आणि त्यात ६० दिवस किंवा उरलेली मुदत, जे कमी असेल ते, इतका वेळ मिळतो. तेवढ्यात नवीन स्पॉन्सरच्या सीओएसवर नवीन अर्ज गेला पाहिजे, आणि मंजुरी येईपर्यंत नव्या मालकाकडे काम सुरू करायचं नाही, इथे बऱ्याच मुली फसतात. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची परदेशातून नवीन भरती बंद आहे, पण आधीच इथे असलेल्यांना मालक बदलायची मुभा सध्या आहे. अशा अडकलेल्या केअर वर्करना नवीन मालकाशी जोडून द्यायला इंग्लंडमधे विभागवार सरकारी मदतीचे गट आहेत, त्यांची मदत फुकट असते. पुन्हा कुणी "सीओएस देतो, पाच हजार पाउंड" म्हणाला तर तो आधीच्याचाच भाऊ समजा.

होम ऑफिसकडूनच चूक झाली असेल तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार, उत्तर पटलं नाही तर स्थानिक खासदारामार्फत पार्लमेंटरी ओम्बुड्समनकडे, म्हणजे सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे. खासदाराला भेटायला ताईला नागरिक असायची गरज नाही, त्या भागात राहते एवढं पुरे. आणि भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहताना मतदार यादीत नाव घालू शकतात, मतदानही करू शकतात, हे आपल्या शंभरातल्या नव्वद जणांना ठाऊक नसतं. ताईला आजच नाव नोंदवायला सांगा.

आणि चीफ इन्स्पेक्टर? एकेका केसचा निवाडा ते करत नाहीत, पण नवीन तपासणी सुरू करताना ते लोकांकडून लेखी अनुभव मागवतात, कुणीही पाठवू शकतं. साताऱ्याच्या त्या मुलीला मी तेच करायला लावलं होतं. तिने दीड पान लिहिलं, साधं, तारखांसकट, मी फक्त इंग्रजी तपासून दिलं. ताईनेही लिहून ठेवावं: सीओएसवर किती तास, हातात किती, पैसे कुणाला, कुठल्या तारखेला. ते पुढे तपासणीला लागेल, नाशिकच्या पोलिसांना लागेल, नवीन सल्लागारालाही तेच आधी लागेल. पण त्याआधी होम ऑफिसच्या पत्रावरची तारीख बघा आणि ६० दिवस बोटांवर न मोजता कॅलेंडरवर मोजा.